‘घरी करू नका’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

टीव्हीवरच्या धाडसी स्पर्धांत स्पर्धकाला काचेच्या पेटीत कोंडून पाण्याखाली कुलपे उघडायला लावतात. पडद्यावर ‘घरी करू नका’ अशी सूचना झळकते, पण जवळच सज्ज असलेला पाणबुड्या चौकटीत दिसत नाही. सोसायटीच्या तलावात किंवा खडकवासल्याला मुलांनी हेच करून पाहिले, तर तिथे असा कोणी नसतो.

बुडी मारण्याआधी मुले भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वासासाठी जीव कासावीस होतो तो मुख्यतः हा वायू साचल्यामुळेच! मग कासावीस होण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि पट्टीचा पोहणाराही अचानक बेशुद्ध पडतो. ना हातपाय मारणे, ना ओरडणे. काठावरच्यांना वाटते, विक्रम चाललाय.

उंचावर लटकण्याच्या खेळांतल्या दोराचेही तसेच. पडणाऱ्याला झेलायला ताणला जाणारा डायनॅमिक दोरच हवा. फारसा न ताणणाऱ्या स्टॅटिक दोराचा हिसका थेट कमरेला बसतो. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकले तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतही भोवळ येऊ शकते.

वाहिन्यांनी प्रत्येक खेळाआधी पाणबुड्या, दुसरा सुरक्षा दोर आणि ऑक्सिजनची सोय अर्धा मिनिट तरी दाखवावी. पालकांनी श्वास रोखण्याच्या पैजा साफ बंद कराव्यात. पाण्याखाली कोणी निपचित दिसले तर लगेच बाहेर काढा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असे चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

— जलतरण व गिर्यारोहण प्रशिक्षक, पुणे