हीटर बदलण्याआधी दाराखालची फट मोजा

संपादक महोदय,

थंडी वाढली की जास्त वॅटचा हीटर घ्या, हा सल्ला ठरलेला. ‘कमी विजेत जास्त ऊब’ या दाव्यावर तर वाचकांनी मुळीच विश्वास ठेवू नये. तारेचा, तेलाचा किंवा पंख्याचा, 2000 वॅटचा कोणताही हीटर सलग 5 तास चालला की 10 युनिट वीज खातो आणि नेमकी तेवढीच उष्णता देतो. तेलाचा हीटर सावकाश तापतो आणि बंद केल्यावर थोडा वेळ ऊब धरतो, तारेचा थेट अंगावर शेकतो, एवढाच काय तो फरक. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून तो खरोखर वेगळा.

ऊब टिकत नाही ती फटींमुळे. 90 सेंटिमीटर रुंद दाराखाली 3 मिलिमीटरची फट म्हणजे 27 चौरस सेंटिमीटरचे भोक. भिंतीला एवढे भोक असते तर ते आपण त्याच दिवशी बुजवले असते! वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून, पंखा बंद करून, पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा (पडद्यापासून जपून). धूर जिथे आडवा होतो तिथे खडूने खूण करा.

सुरुवात वरून करा. गरम हवा छताजवळच्या फटींतून निसटते आणि तेवढीच थंड हवा खालून आत ओढली जाते. नुसते खालचे बुजवून अर्धेच काम होते. न हलणाऱ्या भेगांत सिलिकॉन भरा. भेग 1 सेंटिमीटरहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा, नाहीतर सिलिकॉन तळालाही चिकटते आणि पुढे फाटते. उघडझाप होणाऱ्या झडपांना रबरी पट्टी हवी. ती फार जाड घेतली तर कडी लागत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. धुळीवर किंवा ओलीवर चिकटवलेली पट्टी तर टिकतच नाही.

एवढे करूनही गारठा जाणवला तर भिंती आणि काचा तपासा. हवा 20 अंश आणि भोवतालचे पृष्ठभाग सरासरी 14 अंश असतील तर शरीराला साधारण 17 अंशच जाणवतात. जमिनीपर्यंत पोचणारा, दोन्ही कडांना भिंतीलगत बसणारा जाड पडदा संध्याकाळीच ओढावा. सकाळी काचेवरचे पाणी पुसावे, नाहीतर चौकटीला बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. जिथे गॅस गिझर, शेगडी किंवा कोळसा जळतो, तिथली हवा येण्याजाण्याची जाळी कधीही बुजवू नका. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला ना वास, ना रंग. पेटती शेगडी तर झोपायच्या खोलीत नकोच. हीटरची पिनही एक्स्टेन्शन बोर्डात न लावता भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावावी.

आपला,
एक नियमित वाचक