कोची लांब आहे म्हणून अपील सोडायचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रिटायर फौजी नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं गाव म्हटल्यावर ते आलंच. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे त्यामुळे या लोकांचे कागद सारखे हातातून जातात आणि त्यात एक पत्र फार बघायला मिळतं, डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर झाल्याचं. दुखणं बहुतेक दोनच, कंबरेचा मणका नाहीतर गुडघा. आणि उत्तरही ठरलेलं, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. पत्र इंग्रजीत, घरी वाचणारं कोण नाही, मग ते ट्रंकेत जातं.

परवा एक हवालदार काका आले. ८१ एमएम मोर्टारवाले, बेस प्लेट पाठीवर घेऊन डोंगर चढलेला माणूस, पण दुकानाची पायरी चढायला आधी हात शटरच्या पट्टीला, मग उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच्या शेजारी. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे रिटायर होताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, मणक्याला अपंगत्वाचे २० टक्के दिलेत, तेही कायमचे, आणि खाली शेरा काय तर त्रास पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, सुरू झाला म्हणून नोकरीशी संबंध नाही. आता मणका काय पोस्टिंग ऑर्डर वाचून दुखायला लागतो होय?

काकांनी अपील लिहून आणलं होतं, कंबर फार दुखते, बसवत नाही, झोप नाही, सोबत खासगी दवाखान्याचा एमआरआय. बरेच जण हेच करतात बघा. अहो दुखतंय हे बोर्डाला मान्य आहे म्हणून तर २० टक्के दिलेत, भांडण आहे ते नोकरीशी संबंधाचं, तिथे एमआरआय एकटा काय करणार. तिथे लागतात ते जुने कागद, भरतीच्या वेळी फिट होता ते, कुठल्या साली कुठे पोस्टिंग, पडला असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट, लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आणला त्या वेळचे बोर्डाचे कागद, आणि रिलीजच्या बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. जवळ नसतील तर आरटीआय टाकून मागवायचे. धरमवीर सिंग केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. फक्त २१ सप्टेंबर २०२३ नंतर घरी आलेल्यांना नवीन नियम लागतात, त्यांनी शेजाऱ्याचं जुनं अपील उचलून कॉपी करू नये.

पैशाचं म्हणाल तर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशेब आहे. पगार ४०,००० धरला तर २० टक्क्यांना २,४०० आणि नियमाप्रमाणे राउंड ऑफ होऊन या २० चे ५० टक्के धरले की ६,०००, वर महागाई भत्ता. महिन्याचा किराणा निघतो की यात.

पहिलं अपील ६ महिन्यांत करायचं, ते फेटाळलं की दुसरं, तिथवर वकील लागत नाही, पोस्टाने जातं. खरी अडचण त्याच्या पुढे आहे. एएफटीत, म्हणजे फौजींच्या केसेस चालतात त्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, जायचं तर कर्नाटक कोची बेंचखाली येतं. शेजारच्या चंदगडचा फौजी, त्याच पलटणीतला, त्याच मणक्याचा, तो मुंबईला जातो कारण त्याचं गाव महाराष्ट्रात. आमच्या माणसाने कंबर धरून केरळ गाठायचं, वकील तिथला बघायचा, त्याच्याशी बोलायचं ते मोडक्या हिंदीत. सीमेपायी आम्ही काय काय सोसतोय ते तुमच्या वाचकांना मी सांगायला नको, पण हा हिशेब कुणी मांडत नाही, ना इकडचे पुढारी ना तिकडचे.

हायकोर्टाचं बेंच धारवाडला आलं, इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाची हिवाळी अधिवेशनं भरतात, मग एएफटीचं कामकाज वर्षातून एक-दोनदा बेळगावात कॅम्प लावून का होऊ नये? खासदार-आमदारांनी संरक्षण मंत्रालयाकडे हे लावून धरावं. आणि ते होईल तेव्हा होईल, तोवर सैनिक कल्याण खात्याने इथल्या ऑफिसात आठवड्यातून एक दिवस असा माणूस बसवावा जो ते नामंजुरीचं पत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, ज्याला जे कळतं त्यात समजावून सांगेल आणि ६ महिन्यांची तारीख पत्रावरच लाल पेनाने लिहून देईल.

आपला,
एक वाचक, कॅम्प, बेळगाव