काकू, तुम्ही ताणा कापला नाहीत

आदरणीय काकू,

तुमच्याकडून विकत आणलेल्या जुन्या हातमागावरचं पहिलं कापड उतरलं. फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. त्यात बरंच काही होतं, काकू.

तुमच्या आधी ज्यांचे माग पाहिले, त्यांची नावं घेत नाही. पण राग अजून गेलेला नाही. एकांनी "सगळं पूर्ण आहे" म्हणून ठासून सांगितलं होतं. जाऊन बघते तर धागे वर-खाली करणाऱ्या चार चौकटींपैकी एक गायब. वर मलाच ऐकवलं, "तीनवर विणता येत नाही का?" दुसऱ्यांच्या मागाला लाकूड पोखरणारी कीड लागली होती. खांबाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, पायाशी बारीक भुसा, आणि वरून ताजं पॉलिश! तिसऱ्यांनी इसार घेतला आणि माग भलत्यालाच विकला. इसार परत मिळाला, पण हात पसरायला लावून.

तुम्ही मात्र मी काही विचारायच्या आत मागाच्या खोडी सांगायला घेतल्यात. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गुंडाळायच्या रुळाच्या दातेरी चाकाचा एक दात झिजलाय, फार ताण दिला तर खिट्टी निसटते. फणी, म्हणजे धागे सारख्या अंतरावर धरणारी कंगव्यासारखी पट्टी, उजव्या टोकाला गंजली आहे, पांढरं सूत तिथून नेऊ नकोस, डाग पडतील. मग मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून दाखवलेत. कर्ण सारखे भरले म्हणजे सांगाडा काटकोनात आहे, कापड तिरकं जाणार नाही. हे मला ठाऊक होतं, पण विकणाऱ्याने स्वतःहून मोजून दाखवलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आणि तो ताणा. मागावर तुमच्या शेवटच्या कापडाचा हातभर ताणा उरला होता. कात्री तुमच्या हातात होती. दुसऱ्या कुणीही तो सरळ कापून, ओढून काढून माग मोकळा केला असता. माग हलवायचा तर तेच सोपं. तुम्ही रुळाशी तेवढा कापलात आणि उरलेले धागे जागच्या जागी ठेवलेत, चौकटींतून आणि फणीतून ओवलेले. मग खाली बसून फणीच्या पुढे आणि चौकटींच्या मागे, दोन्हीकडे त्यांच्या छोट्या छोट्या जुड्या केल्यात. प्रत्येक जुडीला ओढताच सुटेल अशी गाठ. गुडघा दुखत होता तुमचा, उठताना दिसलं मला. "असू देत हे, तुला उपयोगी पडतील," एवढंच म्हणालात.

विणकाम न करणाऱ्यांना यातली गोम कळणार नाही, म्हणून सांगते. इंचाला 12 घरांची, म्हणजे फटींची, फणी, दर घरात एक धागा आणि 25 इंचांचा पन्हा म्हणजे 300 धागे. प्रत्येक धागा आधी चौकटीतल्या तारेच्या डोळ्यातून ठरल्या क्रमाने ओवायचा, मग फणीच्या घरातून. म्हणजे 600 वेळा हूक घालायचा आणि ओढायचा. त्यात एक धागा चुकीच्या चौकटीत गेला की त्याची रेघ कापडभर, शेवटपर्यंत दिसते. नवशिकी माणसं मागावर बसण्याआधीच इथे हात टेकतात.

मी नवा ताणा मागच्या रुळावर चढवला, एकेक धागा तुमच्या धाग्याच्या टोकाला बांधला आणि पुढून हलकेच ओढत गेले. गाठी तारांच्या डोळ्यांतून सरकल्या, फणीतून बाहेर आल्या. तुमचा क्रम माझ्या सुतात उतरला. तेव्हा मला रडू आलं, काकू.

जुनी वस्तू विकताना विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला जेमतेम निम्मं. त्या फरकावर पैसे कमावणारे पुष्कळ भेटतात. आपली खोड आपणच आधी सांगणारी, व्यवहार मिटल्यावरही समोरच्याचं काम सोपं करून देणारी माणसं आहेत, हे मी आता ठामपणे सांगू शकते. कारण एका माणसाने ते माझ्यासमोर, दुखऱ्या गुडघ्याने जमिनीवर बसून केलं आहे. पैसे तर तुम्हाला आधीच मिळाले होते.

कापडाचा अर्धा तुकडा तुम्हाला पाठवते आहे. डावा काठ थोडा आत ओढला गेला आहे, तो बघून सांगा धोटा फिरवताना बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा किती सैल सोडायचा ते. दुसरा ताणा तिरकस विणीचा लावणार आहे. पायपट्ट्यांच्या दोऱ्या त्यासाठी कशा बांधायच्या, हे विचारायला रविवारी फोन करते.

तुमची,
मागाची नवी मालकीण