मंद्या, आधी कागद, मग माउस

प्रिय मंद्या,

वर्कशॉपमध्ये फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलंस, बरं केलंस. फुकटचं आहे, त्यामुळे लॅबमधलं काम घरीही करता येतं. फक्त दोन्हीकडे आवृत्ती एकच ठेव; १.० मधली फाईल जुन्या ०.१९ मध्ये धड उघडेलच असं नाही.

पहिला पार्ट म्हणून नुसता ठोकळा काढत बसू नकोस. नेमा १७ मापाची स्टेपर मोटर बसवायची थ्रीडी प्रिंटची प्लेट कर: ६० बाय ६०, जाडी ५ मिमी. मापं आधी कागदावर लिही. मोटरचं तोंड ४२.३ मिमी चौरस, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ३१, मधला उंचवटा २२ व्यासाचा.

पार्ट डिझाइन विभागात बॉडी (पार्टचा घन आकार) घे, एक्सवाय प्लेनवर स्केच (सपाट आराखडा) उघड. आयत ढोबळच काढ, मापं नंतर. आयत टूलने काढलेल्या आयताला चार मोकळीका उरतात: लांबी, रुंदी आणि दोन दिशांना सरकणं. समोरासमोरचे दोन कोपरे ओरिजिनभोवती (मधल्या शून्यबिंदूभोवती) सिमेट्रिक केलेस की सरकणं थांबतं. ६० चं माप दोनदा दिलंस की उरलेल्या दोन जातात आणि स्केच हिरवं होतं. अर्धवट स्केचही पॅड होतं, म्हणजे त्याला जाडी देता येते, पोरं तिथेच फसतात. आठवड्याने एक माप बदलायचं म्हटलं की भोकं भलतीकडे पळतात. हिरवं झाल्यावर मात्र जास्तीचं माप घालू नकोस, लगेच तक्रार येते.

भोकांसाठी ३१ चा चौरस कन्स्ट्रक्शन रेषांनी (नुसत्या मदतीच्या, पार्टमध्ये न येणाऱ्या) काढ, तोही ओरिजिनभोवती. कोपऱ्यांवर चार वर्तुळं, चारही इक्वल, माप एकालाच: ३.४. एम३ (३ मिमी) स्क्रूला ३ चं भोक दिलंस तर स्क्रू जाणारच नाही, कारण प्रिंटमध्ये भोकं बहुधा ०.२-०.३ नी लहान येतात. मधलं भोक २२.५.

पॅड होत नसेल तर कोपरे ओढून बघ. चिकटलेले दिसतात, पण एखादा सुटा निघतो.

कोपऱ्यांचं फिलेट (गोलाई) अगदी शेवटी. आधी केलंस आणि मागचं स्केच बदललंस, तर कडांचे क्रमांक बदलून ते तुटू शकतं. १.० मध्ये हा त्रास बराच कमी झालाय, पण सवय चांगली.

प्रिंटसाठी एसटीएल फाईल काढताना स्केच नाही, बॉडी निवड. त्या फाईलमध्ये एकक नसतं; स्लायसरने (प्रिंटरसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरने) इंच धरले तर प्लेट २५.४ पट होते. आधी तिथे ६० दिसतंय ना, ते बघ.

आणि स्क्रू एम३ बाय ८ घे, १० चा नको. बऱ्याच मोटरींत आटे साधारण ४.५ मिमीच खोल असतात. ५ च्या प्लेटमधून १० चा स्क्रू तळाला टेकतो आणि डोकं घट्ट बसतच नाही.

तुझा,
सुध्या