अप्पांची पद्मिनी आणि एसी

नागपूर

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. चुकलंच माझं. बीपी आटोक्यात आहे, गुडघा तसाच. पण काल गॅरेजात जे सापडलं ते तुझ्याशिवाय सांगणार कुणाला?

अप्पांची प्रीमियर पद्मिनी गाडी अखेर पूर्ण खोलली. डॅशबोर्ड खाली, छताचं कापड उतरलेलं, पत्रा उघडा. मिस्त्री म्हणाला, एसी बसवायचा तर आत्ताच, एकदा रंग झाला की मी पत्र्याला हात लावणार नाही. आईसाठी हवाय रे. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिकोनी काच उघडली तर तोंडावर भट्टी. आणि तिला रामटेकला जायचंय ते याच गाडीतून.

तू आत्ताच ओरडला असशील, "ओरिजिनल ठेव!" हॉर्न बदलला म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास, लक्षात आहे माझ्या.

पण जीव इंजिनात अडकलाय. १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यातले दोन-तीन तरी कॉम्प्रेसर खाणार. रामटेकचा गड चढताना काय होईल? एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बसणार रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणार ती आधीच तापलेली हवा. सिग्नलला उभं राहिलं की काटा लालकडे. म्हणून रेडिएटरचा कोअर जाड करून घेतोय, कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक पंखा. आता पंखा आणि ब्लोअर मिळून जेवढी वीज ओढणार तेवढी जुन्या डायनॅमोला झेपत नाही, आयडलला तर तो जवळजवळ झोपलेलाच. म्हणजे आयडललाही वीज देणारा अल्टरनेटर आला. चढावर कॉम्प्रेसर बंद करायला हाताशी स्विच ठेवायला सांगितलाय. एक वस्तू घाल की तीन बदल! रात्री झोप लागत नाही, अप्पांची गाडी आपल्याच हातानं बिघडवतोय की काय असं वाटत राहतं. छताला आतून फेल्ट आणि दारांना नवं बीडिंग घालतोय, त्याला तरी तुझी हरकत नसावी.

काल कूलिंग कॉइलचे पाइप आत घ्यायला मिस्त्रीनं इंजिनमागच्या पत्र्यावर खडूनं दोन गोल काढले. ड्रिल टेकवलं आणि मी त्याचा हात धरला. गोलापासून चार बोटांवर डांबराचा एक गोळा होता. खरवडला, तर आत भोक. वेडंवाकडं, एका कडेला फाटलेलं.

१९८६चा उन्हाळा, बंड्या! तुझ्या काकांचं हातानं फिरवायचं ड्रिल, एसटीच्या ड्रायव्हरपुढे असतो तसला पंखा, आणि अप्पा दारात यायच्या आत तू ओढून घेतलेली वायर. त्या पत्र्याला पहिलं भोक तू पाडलंस, ओरिजिनलवाल्या! अप्पा दोन दिवस आपल्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच पंखा आईकडे वळवून गाडी काढली त्यांनी.

मिस्त्री म्हणतो, हेच मोठं करू, मग नवं एकच पाडावं लागेल. मी थांबवलंय. ते भोक तुझं आहे, तुला विचारल्याशिवाय त्याला कानस लागणार नाही.

३० ऑक्टोबर २०२३ला तुमच्या मुंबईतून शेवटची काळीपिवळी पद्मिनी गेली, तेव्हा तू फोनवर नुसता श्वास घेत होतास. म्हणून विचारतोय.

सुनेची तब्येत कशी? नव्या घराचं लाइट मीटर मिळालं का? वहिनींना नमस्कार.

रविवारपर्यंत फोन कर. मिस्त्री सोमवारी येणार आहे.

तुझा,
दिल्या