शर्यत तासांत नको, टाकीत मोज

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार. तुमच्या सिम रेसिंग लीगची (गेममधल्या कार शर्यतींची) एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत दोन तासांची ठेवावी की सहा, असं विचारलंयस. तास मागाहून ठरव. आधी एका टाकीत किती लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) होतात ते बघ.

समजा टाकी १०० लिटरची, लॅप दोन मिनिटांचा आणि लॅपला ३ लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे ३३ लॅप, तासाभरापेक्षा जास्त वेळ पिटकडे, म्हणजे पेट्रोल-टायर घ्यायच्या जागेकडे, फिरकायची गरजच नाही. दोन तासांत एकच थांबा. ही नुसती लांबवलेली स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत झाली. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये इंधनाचा गुणक २ कर, म्हणजे खप दुप्पट. लॅपला ६ लिटर, टाकीत १६ लॅप.

आता ४८ लॅप ठेवलेस तर सगळे दोनदा थांबणार, ६४ ठेवलेस तर सगळे तीनदा. दोन्हीकडे डोकं लावायला जागा नाही. ५४ ठेव. मोकळेपणानं पळवणाऱ्याला थोड्याशा पेट्रोलसाठी तिसऱ्यांदा आत यावंच लागेल. साडेपाच लिटरमध्ये लॅप काढणारा मात्र १८-१८-१८ करून दोन थांब्यांत सुटेल. त्यासाठी ब्रेकच्या जरा आधी ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गिअर लवकर वर टाकायचा. त्यात लॅपमागे सेकंदभर गेला तर ५४ सेकंद होतात, म्हणजे जवळपास एक पिट स्टॉप. कोण बरोबर ते शेवटच्या लॅपपर्यंत कळत नाही, आणि माझ्या मते शर्यत लांब ठेवायचं कारण एवढंच. ६० लॅपला हा डाव मोडतो, कारण जवळपास १७ टक्के इंधन वाचवून कुणी वेगात राहत नाही.

टायर झिजण्याचा गुणक मात्र बेतानं वाढव. टायर दहा लॅपमध्येच संपले तर टाकीत पेट्रोल शिल्लक असताना सगळे आत येतील आणि वरचा सगळा हिशोब पाण्यात.

शर्यत लॅपऐवजी घड्याळावर लावलीस तर सगळ्यांना एक लॅप जादा इंधन ठेवायला सांग. आघाडीच्या गाडीनं दोन सेकंद शिल्लक असताना रेषा ओलांडली की अख्खा लॅप वाढतो, आणि ६ लिटर नसलेले तिथेच बंद पडतात.

रात्र हवी म्हणून शर्यत लांबवू नकोस. असेटो कोर्सा काँपेटिझिओनेसारख्या गेममध्ये वेळ २४ पट वेगानं पळवता येते, तासाभरात अख्खा दिवस उरकतो. फक्त ट्रॅक तितक्याच झपाट्यानं थंड होतो आणि टायरचा दाब उतरतो. संध्याकाळच्या थांब्याला नव्या टायरमध्ये दाब थोडा वाढवून घ्यायचा.

सहा तास आणि त्यापुढचं एकट्यानं करायचं काम नव्हे. ग्रॅन टुरिस्मो ४ मध्ये २४ तासांच्या शर्यती होत्या, पण बी-स्पेक या मोडमध्ये गाडी गेमच्या ड्रायव्हरकडे सोपवता यायची. ग्रॅन टुरिस्मो ५ मध्ये पिटमध्ये सेव्ह करायची सोय २०११ च्या अपडेटनं आली. तोवर कन्सोल चालूच ठेवावा लागे. आयरेसिंग या ऑनलाइन सिममध्ये डेटोनाचे २४ तास टीमनं चालवतात, आणि प्रत्येकाला आपल्या समान वाट्याचा निदान चौथा हिस्सा चालवावाच लागतो. चौघांची टीम असेल तर हे साधारण दीड तास होतात. तुमच्या लीगला सहा तास हवेच असतील तर ड्रायव्हर बदलाची सोय आणि असाच नियम आधी कर.

गाडी, ट्रॅक आणि पिट लेनमधून जायला लागणारे सेकंद कळव. भरल्या टाकीनं एक पूर्ण स्टिंट (दोन थांब्यांमधला पल्ला) चालवून लॅपमागचा खपही मोज, मग नेमके लॅप काढून देतो.

तुझा,
अमित