मंगळावरचा फोन लगेच कसा लागतो?

अलीकडच्या अनेक विज्ञानकथांत मंगळावरचा नायक पृथ्वीवरच्या बायकोशी खुशाल फोनवर गप्पा मारतो. अहो, रेडिओलहरींना एका दिशेनेच ३ ते २२ मिनिटे लागतात. 'हॅलो'चे उत्तर यायला कधी पाऊण तास! हा उशीर कथेत वापरला तर उलट रंगत वाढेल. प्रकाशकांनी निदान अंतर, वेग, वेळ यांचे गणित जाणकाराकडून तपासून घ्यावे.

विज्ञानविषयक पुस्तकांचे दुखणे वेगळे. शेवटी शब्दसूचीच नसते. ठाण्याच्या ग्रंथालयात उभ्याउभ्या 'कृष्णविवर' शोधायचे तर अख्खे पुस्तक चाळा! पानांची मांडणी पक्की झाल्यावर सूची करणे अवघड नाही. मात्र पुढच्या आवृत्तीत टाइपाचा आकार बदलला की पृष्ठक्रमांक सरकतात. तेव्हा जुनीच सूची छापू नये.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे